पुंडलिककाकांचा ळ

भावाने तो फोटो पाठवला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसले होते. तो कामासाठी वर्ध्याहून आर्वीला गेला होता. बसस्टँडच्या पुढच्या चौकात त्याला फ्लेक्सचा एक बोर्ड दिसला आणि मोठ्या कौतुकाने त्याने खाली लिहिलं होतं, ‘ताई, तुझा फाँट! थेट आर्वीत!’ मी फोटो बोटांनी मोठा केला आणि सवयीने आधी अक्षरं पाहिली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं. छापणाऱ्याने अक्षरं आडवी ताणली होती, ‘श्र’च्या पुढे नको तेवढी जागा सुटली होती. मनात म्हटलं, हे अंतर आपलंच चुकलंय, कधीतरी दुरुस्त करायला हवं. मग वरचा गोल फोटो पाहिला, आणि सगळ्यात शेवटी नाव वाचलं. पुंडलिक चिंधुजी भोयर (पेंटर). तेरवीची तारीखही उलटून गेलेली होती.

आज सहा आठवडे झाले, तरी मी वाचलं त्या क्रमाची लाज जात नाही. माणूस गेल्याची बातमी समोर होती आणि मी अक्षरांमधल्या फटी मोजत बसले होते. ती अक्षरं त्याच माणसाची होती. त्याच्या हातून उतरलेली, माझ्या कॉम्प्युटरमधून गेलेली आणि माझ्या नावाने सगळीकडे पसरलेली. भावाला हे ठाऊक नव्हतं. आर्वीत ज्याने तो बोर्ड छापला त्यालाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं ना.

माझं काम अक्षरांचं आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं, जाहिराती, कुणाच्या दुकानाचं नाव, असलं काम मी पुण्यात करते. पाचेक वर्षांपूर्वी बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चार-पाच महिने वर्ध्याला घरी राहिले होते. त्या दिवसांत एका मावसबहिणीच्या घरी आर्वीला गेले असताना, वाटेत एका आटाचक्कीच्या भिंतीवरचं अक्षर पाहून थांबले. ‘येथे गहू, ज्वारी दळून मिळेल.’ एवढंच. पण ते अक्षर चक्क उभं होतं, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखं. शिरोरेषा जाड, खाली येता येता दांडी किंचित बारीक, आणि वेलांट्या अशा की जणू डोक्यावरून पदर घेतलाय. चक्कीवाल्याला विचारलं, हे कुणी लिहिलं? तो म्हणाला, “पेंटरनं. पुंडलिक पेंटर. आज कन्याशाळेत आहे पाहा तो, भिंत लिहून राह्यला.”

काका मला पहिल्यांदा दिसले ते असे, शाळेच्या भिंतीला टेकवलेल्या लाकडी घोडीवर, पाठमोरे. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. भिंतीवर निळीत बुडवलेल्या सुतळीच्या दोन रेघा उमटल्या होत्या आणि त्यांच्या बरोबर मधोमध एकच अक्षर लिहिलेलं होतं, ‘ध’. मी पाहत राहिले. मग ‘ध’च्या डावीकडे एक अक्षर आलं, मग उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे एक. ते शब्द मधून लिहायला घेत. म्हणजे दोन्हीकडे सारखी जागा सुटते, मोजमाप चुकत नाही. रस्त्याने जाणारे लोक थांबून शब्द ओळखायचा प्रयत्न करत आणि ते मुद्दाम हळू लिहीत. मी मोबाइल काढला तशी वरूनच आवाज आला, “फोटू काऊन काढून राह्यल्या, मॅडम? वाळू तर द्या त्याले.”

मी खाली उभ्या उभ्या सांगितलं की मला तुमच्या अक्षराचा फाँट करायचा आहे. फाँट म्हणजे काय, तेही सांगितलं. म्हणजे तुमच्या वळणाची सगळी अक्षरं एकदा करून ठेवायची, मग जगात कुणीही कॉम्प्युटरवर बोटं चालवली की तुमच्या वळणात शब्द उमटेल. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, घोडीवरून उतरले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “कुणीही?” “हो, कुणीही.” “ज्याले ब्रश धरता येत नाई, त्याच्यानंही?” मी हो म्हटलं. ते हसले. “मंग तर मजा आहे बाप्पा.”

पुढचे तीन महिने मी दर आठवड्याला वर्ध्याहून आर्वीची एसटी पकडत असे. आंजी, खरांगणा मागे टाकत बस पोचायची तोवर ऊन वर आलेलं असे. काका ओसरीत चटई टाकून, कागदांवर वजन म्हणून रंगाचे डबे ठेवून बसलेले असत. आतून काकू चहा आणून देत आणि उंबऱ्याशी बसून पाहत राहत. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. मी म्हटलं, काका, क लिहा, मग ख, मग ग. त्यांनी ‘क’ काढला आणि हात थांबवला. “सुटं अक्षर कोण लिहिते, बेटा? याच्या बाजूले कोण बसणार आहे ते सांग.” मी म्हटलं, कुणीही बसेल. “असं नाई होत. ‘कापड’ मधला क वेगळा न् ‘दुकान’ मधला क वेगळा. शेजारी पाहून बसा लागते.” आणि खरंच त्यांनी चार ‘क’ काढून दाखवले, चारही त्यांचेच, चारही निराळे. मी मग शब्दांच्या याद्या करून नेऊ लागले. ते शब्द लिहीत, मी त्यातून अक्षरं वेचून घेई. अक्षर लिहिणाऱ्याच्या मनात शेजार असतो आणि फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला एकट्यानेच शहाणपणाने वागावं लागतं, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. ते त्या ओसरीत कळलं.

माझं काम काहीच नव्हतं असं नाही, आणि ते सांगितलं नाही तर हा लेखही खोटाच होईल. घरी बसून मी प्रत्येक अक्षर पुन्हा रेखलं, साडेतीनशेच्या वर जोडाक्षरं बसवली, त्यांनी आयुष्यात कधी न लिहिलेली अक्षरं त्यांच्या वळणात बसतील अशी शोधून काढली. वर्षभर सुट्टीचे दिवस त्यात गेले. कुणी काम दिलेलं नव्हतं, मागे कुठली कंपनी नव्हती. मोठ्या आकारात, मथळ्याला, पाटीला, पोस्टरला वापरायचा एक फाँट एकटीने करायचा आणि लोकांना फुकट वाटून टाकायचा, अशी ती हौस होती. पैसा मध्ये नव्हताच. पैसा नाही म्हणजे आपण कुणाचं काही घेतलेलं नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिले.

फाँट पुरा झाला तेव्हा त्याला नाव दिलं ‘पऱ्हाटी’. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. पुण्यातल्या मित्रांना ते नाव नीट उच्चारताही येईना, आणि त्यामुळेच ते मला फार अस्सल वाटलं. काकांना फोनवर सांगितलं तर ते कोड्यात पडले. “पऱ्हाटी काऊन? मी तर जन्मात वावरात गेलो नाई. माह्या बापाले वावर नव्हतं, मले नाई.” मी म्हटलं, काका, ते आपल्या मातीचं वाटतं. “हाव का…” म्हणाले. बरं असेल तर असेल, अशा सुरातलं ते ‘हाव का’ होतं.

फाँट डाउनलोड करण्याच्या पानावर चार ओळींची माहिती लिहायची होती. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘आर्वीचे पेंटर पुंडलिक भोयर यांच्या अक्षरांवरून’. तो खर्डा मी माझ्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ माणसाला दाखवला. त्यांनी वाचून चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “छान. पण मग यात तुझं काय?” प्रश्न साधाच होता आणि त्याला उत्तरही होतं. मी वर लिहिलं तेच, साडेतीनशे जोडाक्षरं, वर्षभराच्या सुट्ट्या. पण तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं नाही. घरी येऊन मी ती ओळ खोडली. त्या जागी लिहिलं, ‘विदर्भातल्या अनाम पाटी-रंगाऱ्यांच्या हाताला अर्पण’. वाचायला ते जास्त चांगलं लागत होतं, मोठ्या मनाचंही वाटत होतं. एका माणसाचं नाव काढलं आणि त्या जागी हजारो माणसांना मान दिला, असं मी स्वतःला पटवलं. हजारो माणसं विचारायला येत नाहीत, हे तेव्हाही मला कळत होतं.

पऱ्हाटी पसरला. फुकट आणि ठसठशीत म्हणून फ्लेक्सवाल्यांनी तो उचलला. वाढदिवसाच्या शुभेच्छा, शिकवणी वर्ग, कोचिंग, मंगल कार्यालय, रसवंती, सगळीकडे तो दिसू लागला. एक दिवस काकांचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. “बेटा, तुह्यं अक्षर आलं आर्वीत! दवाखान्याच्या बोर्डावर आहे. मी उभा राहून पाहिलं.” तुह्यं अक्षर, ते म्हणाले. मी म्हटलं नाही की काका, तुमचं अक्षर. मी म्हटलं, “अरे वा!”

मग त्यांनी हसत हसत एक गोष्ट सांगितली. एका कापडवाल्याने त्यांच्याकडून शटर लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर मान हलवत म्हणाला, “पेंटर, हात चांगला बसला आता तुमचा. अगदी कॉम्प्युटरसारखं काढता!” काकांना ते फार गमतीचं वाटलं होतं. पुन्हा पुन्हा सांगत होते. मीही हसले.

त्यांची तक्रार एकच होती, ‘ळ’ची. फाँटमधला ळ मी आळसाने केला होता. एक बाजू रेखली आणि तीच उलटवून दुसरीकडे लावली, दोन्ही पोटं मापात सारखी. त्यांनी तो कुठल्याशा बोर्डावर पाहिला आणि त्याच दिवशी फोन केला. “ळ ची दोन पोटं सारखी नसतात, बेटा. एक जेवलेलं असते न् एक उपाशी. दोन्ही जेवू घातले तं लांबून नुसता गोळा दिसते.” मी नंतर छापून, भिंतीला लावून, दहा पावलं मागे जाऊन पाहिलं. त्यांचं खरं होतं. लांबून माझा ळ बुजून जात होता. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत नक्की करते काका.

त्यानंतर वर्ध्याच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान ठरलं. आपल्या गावची मुलगी, तिने केलेला फाँट, असा त्यांना अभिमान होता. काकांना मी बोलावलं नव्हतं. आर्वीहून कशाला यायचं एवढ्या लांब, असं मनाशी म्हटलं होतं. पण त्यांना कुठूनतरी कळलं, बहुधा त्यांच्याच अक्षरात छापलेल्या कुठल्या बॅनरवरून. मी बोलायला उभी राहिले आणि तिसऱ्या रांगेत कडेला ते दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, मांडीवर कापडी पिशवी. मला पाहून त्यांनी हात अर्धा वर केला आणि लगेच खाली घेतला, कार्यक्रमात अडथळा नको म्हणून.

मी चाळीस मिनिटं बोलले. पडद्यावर चक्कीच्या भिंतीचा फोटो दाखवला, शाळेच्या भिंतीचा दाखवला, निळीच्या सुतळीच्या रेघा दाखवल्या. शब्द मधून सुरू करण्याची पद्धत सांगितली, त्यावर मुलं हसली, टाळ्या पडल्या. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, हे मूळ अक्षर कुणाचं होतं? त्या पेंटरचं नाव काय?” एका शब्दाचं काम होतं. माणूस समोर बसलेला होता, मी नुसता हात केला असता तरी पुरलं असतं. पण पहिल्या रांगेत प्राचार्य होते, माझे बाबा काठी घेऊन बसले होते, आणि चाळीस मिनिटं मी ‘माझा’ म्हणत आले होते. मी म्हटलं, “आपल्या भागात असे कितीतरी अनाम कलावंत आहेत. हा फाँट त्या सगळ्यांचा आहे.” पुन्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत काकाही टाळ्या वाजवत होते. मी तिकडे पाहिलं नाही, पण मला ते दिसत होतं.

नंतर मी त्यांना ऑटोने बसस्टँडवर सोडायला गेले. आर्वीची बस लागायची होती. बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगांची पुडी काढून मला दिली, काकूंनी पाठवलेली. थोड्या वेळाने म्हणाले, “चांगलं बोलली तू. मले नसतं जमलं.” मग शेंग सोलता सोलता विचारलं, “थे अनाम म्हणजे काय बेटा? ज्याले नाव नाई, तो ना?” मी हो म्हटलं. मान खालीच होती. ते दाणे तोंडात टाकत म्हणाले, “मंग बरोबर आहे. मी कुठी सही केली कधी. बोर्ड दुकानदाराचा, त्याच्यावर आपलं नाव कायले?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, भांडले असते, माफी मागितली असती. त्यांनी मला सुटायला वाट करून दिली आणि मी त्या वाटेने गेले. आजही मला ठरवता येत नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं, की माझा चेहरा पाहून ते तसं बोलले.

बस लागली तेव्हा त्यांनी पिशवीतून चार कागद काढले. ळ चार आकारांत लिहिलेला, पोटांच्या आत बोटांची मापं टाकलेली, कुठे दीड बोट, कुठे एक. ‘ऱ्ह’ही होता, ‘पऱ्हाटी’साठीच. “याच्यात आडवी रेघ जास्त वाकवली तू. हळूच वाकव.” खिडकीतून पुन्हा म्हणाले, “सवडीनं करजो. पण करजो.” आमची प्रत्यक्ष भेट ती शेवटची.

ते कागद पुण्यातल्या माझ्या खणात दोन वर्षं पडून होते. बसले असते तर चार दिवसांचं काम. पण तो खण उघडला की मला बसस्टँडचा बाक आठवे, म्हणून मी तो उघडत नसे. काकांचा दोन-तीन महिन्यांनी फोन येई. तब्येत कशी, बाबा कसे, आणि शेवटी, “झाला का माहा ळ?” मी म्हणे, होतोय काका. या उन्हाळ्याच्या सुरुवातीला फोन आला तेव्हा आवाज थकलेला वाटला. श्वास लागत होता मध्ये मध्ये. त्यांनी विचारलं, “झाला का ळ?” आणि मी म्हटलं, “हो काका, झाला. टाकला मी नवीन.” का म्हटलं? त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी तेव्हा समजले. खरं तर तो प्रश्न पुन्हा यायला नको होता. ते केवढ्याने तरी म्हणाले, “वा बेटा, वा!” आणि खोकल्याची उबळ आली म्हणून फोन काकूंकडे दिला.

भावाचा फोटो आला त्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि खण उघडला. चौथ्या दिवशी ळ झाला, ऱ्ह झाला. नवी आवृत्ती टाकताना पहिल्या ओळीत लिहिलं, ‘अक्षर : पुंडलिक चिंधुजी भोयर, आर्वी’. माझं नाव त्याखाली. ‘अनाम’ शब्द काढला, आणि तो आधी का होता तेही लिहिलं. पण मोकळेपणाने वाटलेली वस्तू परत बोलावता येत नाही. जुना पऱ्हाटी ज्यांच्या कॉम्प्युटरवर आहे, तो तिथे राहणार. कुणी नवा घेतील, बहुतेक घेणार नाहीत. आणि झालं असं की माझी ती कबुली वाचून लोकांनी मलाच शाबासकी दिली. किती मोठं मन, किती प्रामाणिकपणा, असे संदेश आले. एकाने लिहिलं, एखाद्या साध्या पेंटरला तुम्ही अजरामर केलंत. मी फोन उलटा करून ठेवला.

मग आर्वीला गेले. नव्या आवृत्तीचा मोठा छापील कागद बरोबर घेतला होता, वरती त्यांचं नाव भलं मोठं. काकू ओसरीत एकट्याच होत्या. मला पाहून रडल्या नाहीत, चटई टाकली, पाणी दिलं. मी कागद उलगडून जमिनीवर पसरला आणि सांगितलं, हे काकांचं नाव. त्यांनी कागदावरून तळहात फिरवला. “मले वाचता येत नाई, बेटा. पण दिसते बरं. त्यायच्यासारखंच दिसते.” मग त्या सहज म्हणाल्या, “ळ चं सांगत होते लई. फोन ठेवला न् मले म्हणे, पोरीनं दुरुस्त केला, आता साऱ्या बोर्डावर बरोबर येईन. मंग काठी टेकत टेकत चौकात जाये. नवीन बोर्ड लागला की त्याच्यापाशी उभे. घरी येऊन म्हणे, अजून जुनाच दिसून राह्यला. मी म्हणो, तिनं नसन केला. तं माह्यावरच चिडत. म्हणे, ती सांगते तं केलाच असन, इकडं पोचायले वेळ लागते.”

मी काकूंना खरं सांगितलं. फोनवर मी खोटं बोलले होते, ळ तेव्हा केलेला नव्हता, त्यांच्यामागे केला. नाव आधीच लिहायला हवं होतं, कॉलेजातही सांगायला हवं होतं, तेही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “त्यायले सांगितलं असतं तं बरं झालं असतं,” एवढंच म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले. इतक्या वेळा त्या घरी गेले होते, पण ओसरीच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

चुलीच्या वरच्या फळीवर डबे होते, पत्र्याचे, वीस-पंचवीस. प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव लिहिलेलं. तांदूळ, तूरडाळ, गूळ, तीळ, हळद, मीठ, बेसन. एकेका डब्यावर त्यांनी दुकानाच्या पाटीसारखं लक्ष घातलेलं होतं. गुळाच्या डब्यावर अक्षरं बुटकी आणि गुबगुबीत, तिखटावर उभी, टोकदार. मी विचारलं, काकू, तुम्हाला वाचता येत नाही ना? “नाई. पण अक्षर ओळखतो मी. लग्न होऊन आली तं सारे डबे सारखेच. मी मिठात साखर टाको. म्हणून त्यायनं लिहून देल्लं. म्हणे, वाचू नको, पाहून घे.”

चहा झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातून एक नवा डबा काढला. झाकणाला कागद अजून चिकटलेला होता. “यात जवस भरलं मी. ते लिहून देणार होते, राहून गेलं. तू त्यायचं अक्षर काढते म्हणतात. एवढं जवस लिहून दे.” काकांची पेटी त्यांनी पुढे सरकवली. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, कापडात गुंडाळून ठेवलेले होते. मी एक घेतला. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, वेलांटी नाही. त्यांचा ज, त्यांचा व, त्यांचा स, तिन्ही मी शेकडो वेळा रेखलेले, मला त्यांचे सगळे आकडे पाठ होते. मी त्यांच्याप्रमाणे मधल्या ‘व’पासून सुरुवात केली. ब्रश पत्र्यावर सरकला, रंग खाली ओघळला, ‘स’ची दांडी थरथरली. पुसून पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा बरं आलं. निदान मला तसं वाटलं.

काकूंनी डबा उचलून फळीवर बाकीच्या डब्यांच्या रांगेत ठेवला आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काय लिहिलं ते नाई समजत मले,” त्या हळूच म्हणाल्या, “पण त्यायचं नाई, एवढं समजते.” माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे म्हणाल्या, “वाईट नको वाटून घेऊ. पुसून टाक. कोरा असला तरी ओळखीन मी. एवढाच एक कोरा आहे ना.”

मी चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि ओलं होतं तोवर पुसून टाकलं.